आजीचा चष्मा नातीला का चालत नाही?

आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. आम्ही तिघे-चौघे आळीपाळीने तेथे बसतो. कोणी पाढे घेतो, कोणी शुद्धलेखन तपासतो. गेल्या पावसाळ्यात सहावीतील एका मुलीच्या वहीने आम्हाला कोड्यात टाकले. तोंडी विचारलेले गणित ती चटकन सोडवी. फळ्यावरून उतरवून घेतलेले मात्र हमखास चुके. म्हणजे उत्तर चुके असे नव्हे, गणितच चुके. फळ्यावरचा ९ तिच्या वहीत १ होऊन उतरे, 'भ' चा 'म' होई. उंच असल्यामुळे शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवलेले, आणि तेथे तिच्यावर 'ढ' असा शिक्का कधीच बसला होता.

घरच्यांना डोळ्यांची शंका आली नव्हती असे नाही. तिच्या आजीला जवळचे पाहण्याचा चष्मा आहे. सुईत दोरा ओवायचा, तांदूळ निवडायचे, म्हणजे आजी चष्मा चढवते. तो चष्मा घरच्यांनी एकदा नातीच्या नाकावर ठेवून पाहिला. पोरगी म्हणाली, "आणखीच पुसट दिसतंय." झाले! चष्मा लावूनही दिसत नाही, म्हणजे खोट डोळ्यांत नाही, डोक्यात आहे, असा निकाल घरातही लागला.

वाचकहो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. असा निकाल आमच्या ओळखीच्या आणखी दोन घरांत लागलेला आम्ही पाहिला आहे. घरच्यांची माया कमी नव्हती. भिंग काय करते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

त्या संध्याकाळी आम्ही एक साधा प्रयोग केला. जुन्या पोस्टकार्डाला टाचणीने एक भोक पाडले आणि मुलीला सांगितले, "एक डोळा झाक, दुसऱ्या डोळ्यासमोर हे भोक धर आणि फळा वाच." तिने वाचला. अडखळत, पण बरोबर वाचला. नऊला नऊ म्हणाली. डोक्यातली खोट टाचणीच्या भोकाने दुरुस्त होत नसते. हे भोक काय करते ते पुढे येईलच. त्याआधी थोडे मुळापासून सांगायला हवे.

एक स्टीलची वाटी घ्या. तळाशी एक रुपयाचे नाणे ठेवा. आता हळूहळू मागे सरका आणि नाणे वाटीच्या काठाआड जेमतेम लपले की थांबा. डोके न हलवता दुसऱ्या कोणाला तरी वाटीत सावकाश पाणी ओतायला सांगा. लपलेले नाणे वर आल्यासारखे दिसू लागेल. नाणे जागेवरच आहे. त्याच्यापासून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळला आणि काठावरून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचला. यालाच शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. (याच कारणाने चार फूट खोल पाणी वरून सरळ पाहिले तरी तीनच फूट वाटते. खाणीच्या डबक्यात आणि विहिरीत उड्या मारणाऱ्या मुलांच्या आईबापांनी एवढे तरी त्यांना अवश्य सांगावे.)

प्रकाश वळतो कशाने? तर वेग बदलल्याने. हवेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख आणि साध्या काचेत सुमारे २ लाख. आता एक हातगाडी डोळ्यांसमोर आणा. डांबरी रस्त्यावरून ती सुरळीत चालली आहे. रस्ता संपून वाळू लागली, पण गाडी वाळूवर तिरकी शिरली. जे चाक आधी वाळूत गेले ते रेंगाळले. दुसरे अजून डांबरावर आहे, ते पहिल्याच वेगाने पुढे गेले. परिणाम काय? गाडीचे तोंड वाळूकडे वळले. गाडी सरळ समोरून शिरली असती तर दोन्ही चाके एकदमच मंदावली असती. वेग कमी झाला असता, दिशा तीच राहिली असती. प्रकाशाचे असेच आहे. काचेवर सरळ पडला तर नुसता मंदावतो, तिरका पडला तर मंदावतोही आणि वळतोही. जितका तिरका पडेल तितका जास्त वळतो.

मग खिडकीच्या काचेतून बाहेरचे वाकडे का दिसत नाही? त्या काचेच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात. आत शिरताना जेवढे वळण पडले तेवढेच बाहेर पडताना उलट पडते, आणि हिशेब फिटतो. हातगाडी वाळूचा सरळ पट्टा ओलांडून पुन्हा डांबरावर आली की जे चाक आधी बाहेर पडते ते आधी धावू लागते आणि गाडी पूर्वीच्या दिशेला येते, तसेच हे. पण काचेच्या दोन बाजू समांतर नसतील, पाचरीसारख्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतील, तर हिशेब फिटत नाही. अशा पाचरीतून जाणारा किरण नेहमी जाड बाजूकडे वळतो.

एवढे ध्यानात आले की भिंग समजले म्हणायला हरकत नाही. स्वयंपाकघरातला अख्ख्या मसुराचा एक दाणा हातात घ्या. मध्ये फुगीर, कडेला पातळ, दोन्ही बाजूंनी गोलाई. इंग्रजीतला 'लेन्स' हा शब्द लॅटिन भाषेतील मसुराच्या नावावरूनच आला आहे. मसुराच्या आकाराच्या या काचेला आपण बहिर्गोल भिंग म्हणतो. तिचा वरचा भाग ही एक पाचर आहे, जाड टोक खाली असलेली. खालचा भाग ही दुसरी पाचर, जाड टोक वर असलेली. वरून आलेला किरण खाली वळतो, खालून आलेला वर वळतो, आणि अगदी मधोमध आलेला न वळता सरळ जातो, कारण तेथे काचेच्या दोन्ही बाजू समांतर आहेत.

आता खरी मौज पुढे आहे. नुसते वळून भागत नाही, सगळे किरण एकाच ठिकाणी भेटले पाहिजेत. त्यासाठी मध्यापासून जरा दूरच्या किरणाला जरासे आणि दुप्पट दूरच्या किरणाला दुप्पट वळावे लागेल. सरळ कडांची पाचर हे करू शकत नाही. तिचा उतार सगळीकडे सारखाच, म्हणून वळणही सारखेच. येथे गोलाई कामाला येते. चेंडूच्या माथ्यावर पृष्ठभाग सपाट असतो. माथ्यापासून जसजसे दूर जावे तसतसा उतार वाढत जातो, आणि माथ्याच्या आसपास तरी तो अंतराच्या प्रमाणातच वाढतो. म्हणजे ज्या किरणाला जेवढ्या वळणाची गरज, तेवढाच उतार त्याच्या वाट्याला येतो. भिंग वक्र असते त्याचे कारण हे, आणि फार मोठे भिंग घेतले तर अगदी कडेच्या किरणांचा हा मेळ थोडा बिघडतो त्याचेही कारण हेच.

हा गोलावा पूर्वीचे कारागीर कोठून आणत, असे आम्हाला नेहमी वाटे. उत्तर सोपे निघाले. काच आणि वाटीसारखा साचा यांच्यामध्ये बारीक वाळू आणि पाणी घालून सर्व दिशांनी घासत राहायचे. कसेही फिरवले तरी एकमेकांत चपखल बसतील असे दोनच आकार आहेत, सपाट किंवा गोल. घासता घासता काच आपोआप गोल होते. इटलीत १२८६ च्या सुमारास पहिले चष्मे झाले ते अशाच घासकामातून. ते करणाऱ्या कारागिराचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही. चष्मा लावलेल्या धर्मगुरूचे १३५२ चे भित्तिचित्र इटलीतील त्रेव्हिझो येथे आजही पाहायला मिळते. धर्मगुरूचे नाव ठाऊक आहे, चित्रकाराचेही आहे. प्रकाशाच्या वळण्याचा नेमका नियम बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास मांडला होता, आणि पुढे १६२१ मध्ये हॉलंडच्या स्नेलने तो पुन्हा शोधला.

दूरवरून आलेले किरण भिंगापलीकडे जेथे एकत्र येतात ती त्या भिंगाची नाभी. भिंगापासून नाभीचे अंतर जितके कमी, तितके भिंग ताकदवान. चष्म्याचा जो 'नंबर' आपण म्हणतो तो याच ताकदीचा आकडा आहे. +१ नंबराचे भिंग किरणांना एक मीटरवर एकत्र आणते, +२ चे अर्ध्या मीटरवर, +४ चे पाव मीटरवर. याउलट भिंग मध्ये पातळ आणि कडेला जाड असेल, तर पाचरी उलट्या झाल्या. किरण मध्याकडे येण्याऐवजी कडांकडे फाकतात. हे अंतर्गोल भिंग, आणि याचा नंबर उणे.

आजीचा चष्मा +२ चा. अभ्यासिकेत आम्ही आतला दिवा मालवला, उजेडाच्या खिडकीसमोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर तो चष्मा धरला आणि पुढेमागे केला. भिंतीवर खिडकी उमटली. गज, बाहेरचा कडुलिंब, वाळत टाकलेले कपडे, सगळे इवलेसे आणि उलटे. पोरांनी एकच गिल्ला केला. आपल्या डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर, असेच उलटे चित्र उमटत असते, हे केप्लर या शास्त्रज्ञाने १६०४ मध्ये सांगितले. त्याला सुलटे समजण्याचे काम मेंदू करतो.

डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर लांबीची एक खोली. तिच्या तोंडाशी सुमारे ६० नंबरची भिंगव्यवस्था आहे. त्यातील दोन-तृतीयांशाच्या आसपास ताकद डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक, फुगीर पडद्याची, उरलेली आतल्या भिंगाची. विहिरीत पोहताना पाण्याखाली डोळे उघडले की सगळे धूसर दिसते ना? त्या पुढच्या पडद्यातून आणि पाण्यातून प्रकाशाचा वेग जवळपास सारखाच असतो. वेगात फरक नाही, म्हणून वळण नाही, आणि डोळ्याची बरीचशी ताकद तेथे फुकट जाते.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या डोळ्याची खोली किंचित लांब आहे. खोली एका मिलिमीटरने लांबली तरी अडीच-तीन नंबराचा फरक पडतो. दूरच्या फळ्यावरून आलेले किरण पडद्यापर्यंत पोचण्याआधीच एकत्र येतात आणि पडद्यावर जाईपर्यंत पुन्हा विखुरतात. एका ठिपक्याच्या जागी पसरट डाग उमटतो. असे डाग एकमेकांवर पडले की 'भ' ची गाठ भरून जाते आणि त्याचा 'म' होतो. जवळच्या वस्तूचे किरण मात्र फाकतच डोळ्यात शिरतात. त्यांना एकत्र यायला जास्त अंतर लागते आणि ते बरोबर पडद्यावर येतात. म्हणून वही स्वच्छ, फळा पुसट.

पोस्टकार्डाच्या भोकाने काय केले, तर कडेचे, जास्त वळणारे किरण अडवले आणि मधले जवळजवळ सरळ जाणारे तेवढे आत सोडले. डाग लहान झाला, अक्षर सुटे झाले. दूरचे पाहताना मूल डोळे बारीक करते ते याचसाठी. त्याला 'तोंड वाकडं करू नकोस' म्हणून दटावण्याऐवजी तपासणीला न्यावे. टाचणीच्या भोकातून दूरचे स्वच्छ दिसत असेल तर बहुधा प्रश्न नंबराचा आहे. तसे दिसत नसेल तर डॉक्टरांना दाखवण्याची घाई अधिक करावी.

सरकारी दवाखान्यात तिचा नंबर निघाला उणे दोन, दोन्ही डोळ्यांचा. लहान मुलांच्या डोळ्यांत आधी औषधाचे थेंब घालून तपासतात, कारण मुलाच्या डोळ्यातले भिंग मऊ असते, सतत आकार बदलते आणि तपासणाऱ्याला फसवू शकते. उणे दोनचा अर्थ असा, की चष्म्याशिवाय तिला अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. जुन्या मापाने सांगायचे तर एक हात. एका हातापलीकडचे सगळे जग तिच्यासाठी पुसट होते, आणि आपण सोडून इतरांना ते तसे दिसत नाही हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

आणि अशा डोळ्यावर आजीचा +२ चा चष्मा! जे किरण आधीच लवकर एकत्र येत होते त्यांना त्याने आणखी लवकर एकत्र आणले. दोन आणि दोन चार. चार नंबराने पाव मीटर. एका हातावरचे तिचे स्पष्ट जग वीतभरावर आले. पोरगी खरेच सांगत होती. तिला हवे होते उलटे भिंग, किरणांना थोडे फाकवून मग डोळ्यात सोडणारे.

आजीचा त्रास वेगळ्याच कारणाचा. तिच्या डोळ्याची लांबी ठीक आहे, दूरचे ती आजही बिनचष्म्याने पाहते. जवळचे पाहताना डोळ्यातले मऊ भिंग फुगून ताकद वाढवते. दहा वर्षांच्या मुलाचे भिंग अशी दहाहून अधिक नंबराची वाढ सहज करते. वयाबरोबर भिंग ताठर होत जाते, आणि साठीत ही वाढ एखाद्या नंबरापुरतीच उरते. ते उणे पडलेले बळ बाहेरून लावायचे म्हणजे आजीचा चष्मा. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. चष्म्याला आपण 'चाळशी' म्हणतो ते चाळिशीवरूनच.

ही चाळशी म्हाताऱ्या माणसाची चैन आहे असे कोणी समजू नये. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे चष्मे दिले त्यांची पानतोडणी, न दिलेल्यांच्या मानाने, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. आपल्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या बायका 'आता हात चालत नाही' म्हणतात, तेव्हा आधी डोळे तपासून घ्यावेत. शाळकरी मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत यावे असे ठरलेले आहे. गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मा देण्याचीही सरकारी तरतूद आहे. पथक आले नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावे. आम्ही विचारले तेव्हा कोणी रागावले नाही.

नंबर निघाला तरी घरात चष्मा लगेच आला नाही. मुलीची आई म्हणाली, "सर, पोरीला आत्ताच चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल. आणि उद्या लग्नाच्या वेळी चारजण विचारतील." यातल्या पहिल्या शंकेला आमच्याजवळ उत्तर होते. चष्मा घातल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा न घातल्याने तो थांबत नाही, फक्त तेवढी वर्षे फळा दिसत नाही. गाजराने नंबर उतरत नाही. गाजरातून मिळणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाचा उपयोग रातांधळेपणाविरुद्ध आहे. मुले उघड्यावर खेळली तर मात्र फायदा दिसतो. चीनमधील ग्वांगझू येथे रोज ४० मिनिटे बाहेरचा तास वाढवलेल्या शाळांत तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना हा दोष जडला, इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या शंकेवर आम्ही काही बोलण्याआधी आजीच बोलली. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करून ती सुनेला म्हणाली, "बाबासाहेबांनी चष्मा घातलेला चालतो, आन् माझ्या नातीनं घातलेला चालत न्हाई व्हय?" सून हसली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मुलीला घेऊन फ्रेम निवडायला गेली.

चष्मा लागल्यावर पहिल्या संध्याकाळी मुलगी अभ्यासिकेच्या दारात बराच वेळ उभी राहिली. "झाडाला पानं वेगवेगळी असतात," ती म्हणाली. फळा तिने शेवटच्या ओळीत बसून वाचला. चाचणीचे गुण अजून आलेले नाहीत, त्यामुळे त्याविषयी काही लिहिण्यात अर्थ नाही. शाळेत तिचा बाक तोच आहे.

आता त्या घरात एक नवीनच घोटाळा होतो. दोन्ही चष्मे एकाच फळीवर असतात, दोन्हींच्या फ्रेमा काळ्या, आणि आजी अंधुक उजेडात भलताच उचलते. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा आजी सुई हातात घेऊन करवादत होती, "आज दोरा दिसंनाच." नातीने दोन्ही चष्मे आणले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि एकेक चष्मा कागदापासून थोडा वर धरला. एकातून अक्षरे बारीक झाली, तो तिने आपल्या नाकावर चढवला. दुसऱ्यातून मोठी झाली. "ही घे तुझी चाळशी," म्हणून तो तिने आजीच्या हातात दिला आणि सुईत दोरा ओवायला तिच्याशेजारी बसली.